टाचणीपलीकडचं फुलपाखरू

आंधळगावचं कोशाचं कापड माहीतच आहे. तो कोसा म्हणजे एका अळीचं घर! फ्रँकफर्टच्या मारिया सिबिला मेरियनला (जन्म १६४७) रेशीमकिड्यांचं असंच वेड लागलं, तेही तेराव्या वर्षी. पुढे ॲमस्टरडॅमच्या श्रीमंतांकडे टाचणीला टोचलेली फुलपाखरं तिनं पाहिली. पण ती जन्मतात कशी, खातात काय, ते तिथं दिसेना. मग ५२व्या वर्षी चित्रं विकून, धाकट्या मुलीसोबत तिनं दक्षिण अमेरिकेतलं सुरिनाम गाठलं. आजारपणामुळे १७०१ला परतली. १७०५मध्ये ६० चित्रांचं पुस्तक काढलं : एकाच पानावर झाड, अळी, कोश, पाखरू. १७१७मध्ये ती गेली. पुढे जर्मनीच्या ५०० मार्कांच्या नोटेवर तिचा चेहरा आला. आणि आपण? शेजारच्याच्या जर्नलवरून आकृत्या छापतो!