मनाची श्रीमंती : आचार्य विनोबा भावे



परीक्षा जवळ आली की घराघरात टक्के, नोकरी आणि पगार यांचीच चर्चा सुरू होते. अशा वेळी मला आपल्याच बडोद्यात शिकलेल्या एका मराठी मुलाची आठवण येते.

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कोकणातील गागोदे या गावी झाला. वडील नरहरराव नोकरीनिमित्त बडोद्यास होते. आपल्या नंदेसरीत आज रंग-रसायनांचे कारखाने आहेत. नरहररावांनाही रंगशास्त्राची फार आवड होती. मुलाने खूप शिकून मोठे व्हावे, अशी त्यांची इच्छा. आई रुक्मिणीबाई मात्र साध्या आणि भाविक. गावी अंगणातला फणस पिकला की गरे आधी शेजारीपाजारी वाटायचे, मग आपण खायचे, ही त्यांची शिकवण.

विनायक हुशार होता, गणितात तर फारच. पण एके दिवशी चुलीपाशी बसून त्याने आपली सर्व प्रमाणपत्रे जाळून टाकली. १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा तरुण वाटेत सुरतेला उतरला आणि काशीला गेला. त्याच वर्षी ७ जून रोजी अहमदाबादच्या कोचरब आश्रमात त्याची गांधीजींशी भेट झाली. पुढे तोच विनोबा झाला.

१९३८ साली विनोबांची प्रकृती अगदी खालावली. वजन ८८ पौंडांवर आले. हवापालटासाठी थंड हवेच्या ठिकाणी न जाता ते वर्ध्याजवळ पवनारला राहिले. धाम नदीचा पूल ओलांडताना त्यांनी सर्व चिंता सोडण्याचा संकल्प केला. रोज शेतात थोडे थोडे खोदकाम सुरू केले. काही महिन्यांतच तब्येत सुधारली आणि वजन सुमारे ४० पौंडांनी वाढले. मन शांत झाले, तसे शरीरही सावरले.

१८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली गावात भूमिहीनांनी ८० एकर जमीन मागितली. रामचंद्र रेड्डी यांनी तिथल्या तिथे १०० एकर दिली. येथून भूदानाचा आरंभ झाला. विनोबा १३ वर्षे पायी फिरले. ४० लाखांहून अधिक एकर जमीन दानात मिळाली. त्यातली बरीच नापीक निघाली, सगळी वाटलीही गेली नाही, हे खरे. पण स्वतःजवळ काहीच नसलेल्या माणसाच्या शब्दावर लोकांनी आपली जमीन दिली, हेही तितकेच खरे. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनारलाच त्यांनी देह ठेवला.

मुलांनो, तुमच्या दाखल्यांवर सही करणारा मी! तेव्हा प्रमाणपत्रे जाळा, असे मी कसे सांगेन? खूप शिका, कमवा. पण निकालाच्या दिवशी गुण कमी पडले म्हणून कोणी स्वतःला कमी समजू नये. आणि पालकांनो, त्या दिवशी गुणपत्रिका हातात घेण्यापूर्वी मुलाचा चेहरा पाहा. फणस वाटून खाण्याचा आनंद कोणत्याही गुणपत्रिकेत लिहिलेला नसतो.