इंधनाच्या दाबाशी झुंजलेले संशोधक

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये एका जर्मन कुटुंबात झाला. १८७० मध्ये फ्रान्स व प्रशिया यांच्यात युद्ध पेटताच कुटुंबाला ते शहर सोडावे लागले. पुढे म्युनिक येथे कार्ल फॉन लिंडे यांच्या हाताखाली ते शिकले. वाफेचे इंजिन कोळशातील बहुतांश उष्णता वाया घालवते, ही बाब त्यांना अस्वस्थ करीत असे.

हवा प्रचंड दाबून तापवायची आणि तीत इंधन सोडून ठिणगीविनाच ज्वलन घडवायचे, ही त्यांची कल्पना होती. मात्र अशा हवेत इंधन शिरायचे, तर त्यामागचा दाब अधिक हवा. तसा पंप त्यांना साधला नाही. आउग्सबुर्ग येथील प्रयोगांत अखेर त्यांनी दाबलेल्या हवेच्या झोताने इंधन फवारले. १८९७ च्या चाचणीत इंजिनाची कार्यक्षमता सुमारे २६ टक्के भरली. परंतु झोतासाठी लागणाऱ्या अवजड कॉम्प्रेसरमुळे ते मोटारीत बसेना; कारखाने व जहाजे हेच त्याचे क्षेत्र राहिले.

पेटंटचे वाद, ढासळलेली प्रकृती आणि कर्ज यांनी डिझेल खचले. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री इंग्लंडला जाणाऱ्या 'ड्रेस्डेन' बोटीवरून ते नाहीसे झाले. समुद्रात सापडलेल्या मृतदेहाजवळील वस्तू मुलाने ओळखल्या. मृत्यूचे गूढ मात्र उकलले नाही.

रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीने १९२७ मध्ये इंधनपंपाचे उत्पादन सुरू केले आणि मालमोटारींचा मार्ग प्रशस्त झाला. १९९७ मध्ये मोटारींत आलेल्या 'कॉमन रेल' प्रणालीत सामायिक नळीतील दाब सुमारे १,३५० बार, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या हजार पटींहून अधिक होता. डिझेल यांना हुलकावणी देणारा दाब असा त्यांच्याच इंजिनाचा आधार ठरला.