दुखण्याला नाव देणारा वैद्य

वैद्यकाच्या इतिहासात रोग बरे करणाऱ्यांची नावे लोकांच्या स्मरणात राहतात. रोग ओळखणाऱ्यांची सहसा राहत नाहीत. देवीच्या लशीमुळे जेन्नर शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. पण ज्याने उभे आयुष्य मुख्यत: असाध्य व्याधींच्या निदानात घालविले आणि ज्याला त्यांवर उपाय असा सापडला नाही, त्या झां-मार्तां शार्कोचे ऋण मानायचे ते कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारला तर तो अगदीच अप्रस्तुत म्हणता येणार नाही. २९ नोव्हेंबर २०२५ रोजी या फ्रेंच वैद्याच्या जन्माला दोनशे वर्षे पूर्ण झाली. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या विकाराला स्वतंत्र रोग म्हणून ओळख मिळाली ती त्याच्यामुळे. हा विकार आज मुंबईतही घराघरांआड दडलेला आहे. तेव्हा त्या प्रश्नाचे उत्तर शोधणे येथील वाचकांसही अगत्याचे आहे.

शार्कोचा जन्म पॅरिसमधला. वडील घोडागाड्या बांधणारे कारागीर. घरात चार मुलगे आणि सर्वांना वरपर्यंत शिकविण्याची ऐपत नाही. अभ्यासात जो पुढे राहील त्याने उच्च शिक्षण घ्यावे असे वडिलांनी ठरविले आणि तो मान झां-मार्तांला मिळाला, असे सांगतात. मुलगा अबोल, एकलकोंडा आणि चित्रे काढण्यात रमणारा होता. पुढे त्याने वैद्यक पत्करले, पण चित्रकाराची नजर शेवटपर्यंत सोडली नाही. १८५३ साली त्याने डॉक्टरेटसाठी प्रबंध लिहिला तो गाउट आणि जुनाट संधिवात यांतील भेद दाखविणारा. सारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टींतील वेगळेपण हेरण्याचा त्याच्या बुद्धीचा गुण तेव्हाच प्रकट झाला होता.

या गुणाला कार्यक्षेत्र मिळाले ते साल्पेत्रिएर रुग्णालयात. हे मुळात बंदुकीच्या दारूचे कोठार. सतराव्या शतकात तेथे निराधार, भिकारी आणि वेड्या ठरविलेल्या स्त्रियांना ठेवण्याची सोय करण्यात आली. शार्कोच्या काळी तेथे सुमारे पाच हजार जणींची वस्ती होती. त्यांतील बहुतेकींच्या दुखण्याला धड नावही नव्हते. कोणाला कंप, कोणाला झटके, कोणाचे पाय लुळे. नावलौकिकाची आस असलेल्या डॉक्टरला हाती लागण्याजोगे तेथे काही नाही, असाच तेव्हा समज होता. १८६२ साली शार्को आणि त्याचा मित्र वुल्पियां यांची तेथे नेमणूक झाली. दोघांनी दालनामागून दालन पालथे घालून एकेका स्त्रीची तपासणी केली व टिपणे ठेवली. ज्याला इतरांनी अडगळ मानले, त्यात शार्कोला ज्ञानाचा अभूतपूर्व साठा दिसला.

त्याची पद्धत दिसायला साधी, पण आचरायला कठीण होती. रोग्याला समोर बसवून तो बराच वेळ नुसता पाहत राही. प्रश्न थोडेच विचारी. त्याच्या चालण्याची, लिहिण्याची, हात उचलण्याची लकब चित्रासारखी मनात साठवी. वर्षानुवर्षे तीच माणसे डोळ्यांसमोर असल्याने आजाराची वाटचाल त्याला आरंभापासून अखेरपर्यंत पाहता येई. रोगी दगावला की शवविच्छेदन करून मेंदूत आणि मज्जारज्जूत काय बिघडले होते ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासले जाई. जिवंतपणी दिसलेले लक्षण आणि मृत्यूनंतर सापडलेला दोष यांची सांगड घालणे, हे त्याच्या साऱ्या कार्याचे सूत्र होते.

मल्टिपल स्क्लेरोसिसचे कोडे याच सूत्राने उलगडले. मज्जातंतूंवर मायलिन नावाचे आवरण असते. विजेच्या तारेवर जसे रबराचे वेष्टन, तसे. या विकारात शरीराची संरक्षक यंत्रणाच त्या आवरणावर उलटते. जेथे आवरण झडते तेथे टणक व्रण उरतो आणि मेंदूचा संदेश वाटेत अडखळतो. व्रण कोठेही पडत असल्याने लक्षणे नाना परींची असतात. एखाद्याची एका डोळ्याची दृष्टी काही आठवडे अंधुक होऊन पुन्हा सुधारते, एखाद्याचे पाय बधिर होतात, एखाद्याचा तोल जातो. पुष्कळदा दुखणे येते, ओसरते आणि काही महिन्यांनी निराळेच रूप घेऊन परतते. शार्कोच्या आधी तीसएक वर्षे कार्सवेल व क्रुव्हेलिए या दोघांनी अशा व्रणांची चित्रे छापली होती. परंतु ते व्रण आणि जिवंत माणसाचे हाल ही एकाच रोगाची दोन अंगे आहेत, हे साकल्याने मांडले गेले नव्हते.

त्या काळी हात थरथरणारे सारे रोगी एकाच वर्गात मोडत. शार्कोने बारकाईने पाहिले तेव्हा त्याला आढळले की, काहींचा हात मांडीवर स्वस्थ ठेवला असताना कापतो, तर काहींचा पेला उचलायला पुढे केला की कापू लागतो. पहिला प्रकार पार्किन्सनने वर्णिलेल्या रोगाचा. दुसरा या नव्या व्याधीचा. विद्यार्थ्यांना हा फरक दुरूनही दिसावा म्हणून तो रोग्यांच्या डोक्यावर लांब पिसांच्या टोप्या चढवी आणि पिसांच्या हलण्यावरून कंपाची जात दाखवी. त्याच्या घरच्या मोलकरणीची हकीकतही सांगितली जाते. तिच्या हातून कपबश्या फुटत, तरी त्याने तिला काढून टाकले नाही, कारण तिचा रोग त्याला जवळून पाहायचा होता. तिच्या मृत्यूनंतर शवविच्छेदनात तेच व्रण सापडले. या हकीकतीत दया किती आणि जिज्ञासा किती, याचा निवाडा ज्याचा त्याने करावा.

१८६८ साली शार्कोने आपल्या व्याख्यानांतून या रोगाचे संपूर्ण वर्णन केले. डोळ्यांच्या बुबुळांची थरथर, हालचालीच्या वेळी येणारा कंप आणि अक्षरे तोडून तोडून उच्चारलेले बोलणे, ही त्याने सांगितलेली तीन लक्षणे आजही त्याच्या नावाने ओळखली जातात. निदानात हा तीक्ष्ण माणूस उपचारात मात्र रिकाम्या हाताचा राहिला. स्ट्रिक्निन, सिल्व्हर नायट्रेट असली त्या काळची औषधे त्याने योजून पाहिली. उपयोग झाला नाही आणि तसे त्याने लपविलेही नाही. रोगाचे कारणही त्याला उमगले नव्हते. मनस्ताप आणि ओलसर थंडी यांकडे तो बोट दाखवीत राहिला.

पुढची वर्षे वैभवाची होती. १८८२ साली मज्जासंस्थेच्या विकारांचे जगातील पहिले अध्यासन त्याच्यासाठी निर्माण झाले. देशोदेशीचे डॉक्टर त्याच्या व्याख्यानांना येत. १८८५ च्या अखेरीस आलेला व्हिएन्नाचा तरुण डॉक्टर फ्रॉइड इतका भारावला की, त्याने पुढे आपल्या थोरल्या मुलाचे नाव शार्कोवरून ठेवले. पण याच काळात शार्कोची दृष्टी फसली. हिस्टेरिया आणि संमोहन यांच्या अभ्यासात त्याने स्त्री-रुग्णांना भरसभेत उभे केले. त्या आपल्या गुरूला अपेक्षित तेच करून दाखवीत आहेत, हे त्या प्रखर नजरेलाही वेळीच दिसले नाही. त्या सिद्धान्ताची इमारत त्याच्या मृत्यूनंतर लवकरच ढासळली. प्राण्यांचे हाल पाहवत नाहीत म्हणून शिकारीचा तिटकारा करणारा आणि घरात माकडीण पाळणारा हा माणूस, प्रेक्षकांसमोर उभ्या केलेल्या गरीब स्त्रियांच्या मनाचा मात्र तितका विचार करू शकला नाही. १६ ऑगस्ट १८९३ रोजी प्रवासात असताना हृदयविकाराने त्याचा अंत झाला.

मग त्याचे ऋण कशाचे? उत्तर एका शब्दात द्यायचे तर नावाचे. निनावी दुखणे दुहेरी छळते. शरीर पीडते ते वेगळेच, आणि भोवतालचे लोक त्याला आळस, ढोंग, मनाचे खेळ किंवा नजर लागणे म्हणून मोकळे होतात. तोल जाऊन चालणाऱ्यावर तर दारूचाही आळ येतो. रोगाला नाव मिळाले की निदान हा कलंक पुसण्याची वाट मोकळी होते. रोग्याला आपण एकटे नाही हे कळते आणि संशोधकाला कशाचा शोध घ्यायचा हे ठाऊक होते. शार्को गेल्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९९३ साली, रोगाच्या झटक्यांचे प्रमाण कमी करणाऱ्या इंटरफेरॉन-बीटा या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. त्यानंतर अधिक प्रभावी औषधे आली. २०२२ साली अमेरिकी सैनिकांच्या रक्तनमुन्यांच्या प्रचंड साठ्यावरून एप्स्टाइन-बार विषाणूचा या रोगाशी असलेला निकटचा संबंध दाखविण्यात आला. रोग समूळ बरा करणारा उपाय मात्र अजूनही नाही. पण ही सारी वाट १८६८ च्या त्या वर्णनापासून सुरू होते.

हा थंड देशांतला रोग, आपल्याकडे तो जवळपास नाहीच, अशी समजूत भारतात दीर्घकाळ होती. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि जे. जे. रुग्णालयात मज्जाविकार विभाग उभारणारे डॉ. नौशीर वाडिया यांनी सहकाऱ्यासह १९९० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने तिला धक्का दिला. पारशी समाजात या रोगाचे प्रमाण बरेच अधिक असल्याचे त्यांनी दाखविले. पारशी समाज लहान, बराचसा ठरावीक वसाहतींत राहणारा. म्हणून मोजणी शक्य झाली. साल्पेत्रिएरमधली दुर्दैवी गर्दी असो की मुंबईतील सुस्थित वसाहत, माणसे एकत्र पाहता आली तेव्हाच रोग दिसला, हा योगायोग नव्हे. पुढे एम. आर. आय. तपासणी सुलभ झाली आणि सर्वच समाजांत हे रुग्ण आढळू लागले.

परंतु बहुसंख्य रुग्ण विखुरलेले आहेत. मनोरीचेच उदाहरण घ्यावे. मुंबईच्या उपनगरांत मोडणाऱ्या या गावाहून मालाडला यायचे तर नावेने खाडी ओलांडून मार्व्याला उतरावे लागते, नाहीतर उत्तन-भाईंदरवरून लांबचा वळसा घ्यावा लागतो. धडधाकट माणसाला यात विशेष काही वाटणार नाही. ज्याचा पाय ऐनवेळी दगा देतो, त्याला हलत्या नावेत चढणे हीच परीक्षा. त्यातून या रोगात उष्म्याने लक्षणे बळावतात आणि मुंबईच्या हवेत उष्मा वर्षाचे बहुतेक महिने असतो. गर्दीच्या लोकलने कचेरी गाठणाऱ्या कारकुनाची किंवा चार तास उभे राहून शिकविणाऱ्या शिक्षिकेची स्थिती यापेक्षा फार वेगळी नसते. हा रोग बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान, ऐन उमेदीत गाठतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत त्याचे प्रमाण दुप्पट ते तिप्पट आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे संसाराच्या कोणत्या खांबावर घाव बसतो ते कळते.

१९८५ साली मुंबईत मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली आणि पुढे पुण्यासह इतर शहरांत तिच्या शाखा निघाल्या. रुग्णांना एकमेकांची गाठ घालून देणे, माहिती पुरविणे, व्यायाम आणि औषधांसाठी साहाय्य मिळवून देणे, असे हे काम आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने या विकाराला आपल्या यादीत स्थान दिले. म्हणजे नाव आता कायद्याच्या पुस्तकातही आले. उरतो तो समाजाच्या नजरेचा प्रश्न. काल चालत आलेला सहकारी आज काठी घेऊन आला, किंवा दुपारनंतर त्याचे अंग पार गळून गेले, तर तो बहाणा समजायचा की त्याच्या रोगाचा धर्म, हे कायदा ठरवू शकत नाही. त्यासाठी टेबलाच्या पलीकडे बसलेल्या माणसालाच पाहायला शिकले पाहिजे.

शार्कोकडून घ्यायचे ते हे पाहणे, आणि त्याच्याकडून जे राहून गेले ते आपण भरून काढायचे. त्याने रोग्यांकडे पाहिले, पण त्यांचे म्हणणे फारसे ऐकले नाही. त्याने त्यांना एकत्र पाहिले, पण त्यांनी एकमेकींना आधार द्यावा अशी सोय त्या दालनांत नव्हती. दुखण्याला नाव देणे हे वैद्याचे काम होते. ते त्याने चोख बजावले. त्या नावामागच्या माणसाला नोकरीत, वर्गात आणि गावात जागा राखून देणे हे वैद्याच्या हातचे नाही. ते काम शेजाऱ्यापाजाऱ्यांचे आहे, आणि ते अजून पुष्कळ बाकी आहे.