देव तपासून पाहता येतो का?



आजचा श्लोक गीतेच्या चौथ्या अध्यायातला ३४वा. ज्ञान हवं असेल तर ज्ञानी माणसाला नमस्कार करा, त्याला प्रश्न विचारा, त्याची सेवा करा, असं भगवंत सांगतात. माझं मन नेहमी प्रश्नावरच अडतं. दिवसभर कोड टेस्ट करणारा माणूस मी, तपासल्याशिवाय काही पटतच नाही. म्हणून आज नरेंद्रनाथ दत्ताविषयी.

नरेंद्र १२ जानेवारी १८६३ रोजी कोलकात्यात जन्मला. वडील विश्वनाथ वकील. कॉलेजात असताना त्याने ह्यूम, मिल, स्पेन्सर वाचले, ब्राह्मसमाजात जाऊ लागला. तुम्ही देव पाहिलाय का, असं त्याने थेट देवेंद्रनाथ ठाकूरांनाच विचारलं. सरळ उत्तर मिळालं नाही. मग दक्षिणेश्वरला रामकृष्णांना तोच प्रश्न विचारला. त्यांनी क्षणभरही न थांबता होकार दिला.

तरी नरेंद्रने मान डोलावली नाही. रामकृष्णांना पैशाचा स्पर्श सोसत नाही, हे ऐकून त्याने त्यांच्या गादीखाली गुपचूप रुपया ठेवला. ते बसले आणि दचकून उठले. परीक्षा घेतली म्हणून रागावले मात्र नाहीत, उलट खूश झाले.

अद्वैताची तर तो टिंगलच करायचा. लोटा ब्रह्म आणि वाटीही ब्रह्म कशी, म्हणून हसायचा. एकदा रामकृष्णांनी स्पर्श केला आणि पुढचे काही दिवस त्याला ताट, वाढणारी आई आणि जेवणारा तो स्वतः, सगळं एकच वाटू लागलं. हेदुआच्या बागेचं लोखंडी कुंपण खरं आहे की भास, हे बघायला त्याने त्यावर डोकं आपटून पाहिलं!

१८८४ मध्ये वडील वारले. घरावर कर्ज, भावंडं उपाशी, नोकरी मिळेना. आता देवाचा प्रश्न पुस्तकातला राहिला नव्हता. रामकृष्णांच्या सांगण्यावरून तो कालीमातेकडे पैसे मागायला गेला. तीनदा गेला आणि तिन्ही वेळा पैशांऐवजी ज्ञान, भक्ती, विवेक, वैराग्य मागून परतला. हाच नरेंद्र १८९३ मध्ये विवेकानंद म्हणून शिकागोला उभा राहिला. धर्म स्वतः अनुभवून पाहा, हे ते शेवटपर्यंत सांगत राहिले. १९०२ मध्ये, वयाच्या ३९व्या वर्षी, ते गेले.

गेल्या वर्षी माझी नोकरी गेली, तेव्हा मीही देवाकडे पुरावा मागितला होता: एक ऑफर लेटर. ते चार महिने आलं नाही आणि मी पूजा सोडली. आता वाटतं, ती टेस्टच चुकीची होती. मी देवाला तपासत होतो, स्वतःच्या मनाला कधीच नाही. नरेंद्रने दोन्ही केलं.

त्याचा अनुभव हा माझा पुरावा होऊ शकत नाही, हेही खरं. तो मला स्वतःलाच मिळवावा लागेल. म्हणून आजपासून रोज दहा मिनिटं, फोन बाजूला ठेवून, शांत बसणार आहे. तुम्हीही बसून बघा. प्रश्न सोबत असले तरी चालतील.

राम कृष्ण हरी.