डॉ. सलीम अली आणि सुगरणीची वसाहत

पावसाळ्यात गावाबाहेर गेलात तर विहिरीवर वाकलेल्या बाभळीला किंवा शिंदीच्या झाडाला लटकणारी घरटी तुम्ही पाहिली असतील. वर दुधी भोपळ्यासारखा फुगीर भाग आणि खाली लोंबणारी लांब नळी. ही घरटी ज्या पक्ष्याची, त्याला आपण उर्दूत बया म्हणतो. मराठीत त्याला सुगरण म्हणतात. सुगरण म्हणजे स्वयंपाकात आणि घरकामात हुशार असलेली बाई. नाव छान आहे, पण थोडे फसवे आहे. कारण हे घरटे मादी विणत नाही, नर विणतो! या लहानशा पक्ष्यासमोर एक माणूस एकदा सबंध पावसाळा बसून राहिला होता. त्या वेळी त्याला नोकरी नव्हती. त्याच माणसाची हकिकत आज आपण वाचणार आहोत.

सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. भावंडांमध्ये ते सर्वांत धाकटे. ते एक वर्षाचे असताना वडील वारले आणि तीन वर्षांचे असताना आईही गेली. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी या पोरक्या मुलांना सांभाळले. मामांचे घर मुंबईच्या खेतवाडीत होते. मामांना स्वतःचे मूल नव्हते, पण घर मुलांनी भरलेले असे.

त्या काळी शिकारीचा शौक प्रतिष्ठेचा समजला जाई. सलीमलाही एक छऱ्याची बंदूक मिळाली होती. तिने तो चिमण्या मारी आणि त्या घरी शिजवून खाल्ल्या जात. आज हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल, पण जे घडले ते असे होते. सलीम दहा-बारा वर्षांचा असताना एक दिवस त्याने मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ही चिमणी नेहमीची नव्हे, मग मुसलमानाने ती खावी की नाही, अशी शंका त्या मुलाच्या मनात आली. ती घेऊन तो मामांकडे गेला. मामांनाही पक्षी ओळखता आला नाही. ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या संस्थेचे सभासद होते. त्यांनी चिठ्ठी देऊन सलीमला संस्थेचे सचिव मिलार्डसाहेब यांच्याकडे पाठवले.

एका इंग्रज साहेबाच्या कचेरीत कागदात गुंडाळलेली चिमणी घेऊन एकट्याने जायचे! त्या काळच्या मुलाला याची किती भीती वाटली असेल याचा विचार करा. पण मिलार्डसाहेब प्रेमळ निघाले. त्यांनी चिमणी ओळखली. मग कपाटांचे खण उघडून भुसा भरून ठेवलेले शेकडो पक्षी त्या मुलाला दाखवले आणि वाचायला पुस्तकेही दिली. आपल्या देशात इतक्या जातींचे पक्षी आहेत हे सलीमला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. एका शंकेने केवढे दार उघडले पाहा!

शाळेत मात्र सलीम फारसा चमकला नाही. त्याला डोकेदुखीचा त्रास होता. त्यामुळे अभ्यास मध्येच सोडून काही दिवस सिंधमध्ये नातेवाइकांकडे राहावे लागले. १९१३ साली तो कसाबसा मॅट्रिक झाला. नंतर त्याला ब्रह्मदेशात तवॉय येथे पाठवण्यात आले. तेथे घरच्यांचा खाणीचा आणि लाकडाचा धंदा होता. भोवती घनदाट जंगल होते. आता तुम्हीच सांगा, पक्ष्यांचे वेड असलेल्या तरुणाचे मन हिशेबाच्या वहीत कसे रमणार? पुढे धंदा बुडाला. त्याचा सगळा दोष सलीम अलींच्या दुर्बिणीवर टाकता येणार नाही, पण ते चांगले व्यापारी नव्हते हे मात्र खरे.

मुंबईला परत आल्यावर त्यांनी काही काळ व्यापारी कायदा आणि हिशेब यांचे शिक्षण घेतले, प्राणिशास्त्राचाही अभ्यास केला. १९१८ साली तेहमीना बेगम यांच्याशी त्यांचा निकाह झाला. तेहमीना इंग्लंडमध्ये शिकलेल्या होत्या. शहरातील चांगल्या राहणीची त्यांना सवय होती. पुढे याच बाईंनी पतीबरोबर रानात तंबू ठोकून दिवस काढले.

पोटापाण्याचा प्रश्न तर होताच. पक्ष्यांचे ज्ञान खूप, पण हातात पदवी नाही. त्यामुळे सरकारी प्राणिशास्त्र खात्यात सलीम अलींना जागा मिळाली नाही. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये लोकांना प्राणी आणि पक्षी यांची माहिती सांगण्याचे काम त्यांना मिळाले. (हे म्युझियम आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणून ओळखले जाते.) दोन-तीन वर्षांनी रजा घेऊन ते जर्मनीत बर्लिनला गेले. तेथे एरविन श्ट्रेझेमान नावाच्या नामांकित पक्षिशास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी शिक्षण घेतले. पक्ष्याच्या पायात कडे घालून त्याचा प्रवास कसा शोधतात, हेही ते तिकडेच शिकले.

१९३० साली ते मोठ्या आशेने परत आले, आणि येऊन पाहतात तर नोकरीच उरली नव्हती. पैशाच्या अडचणीमुळे म्युझियमने ती जागा रद्द केली होती. वय तेहतीस, लग्न झालेले, परदेशातून शिकून आलेले आणि बेकार! अशा वेळी नातेवाईक काय सल्ला देतात ते तुम्हाला ठाऊक आहे. एखादी कारकुनी धर, दुकानात बस, काहीही कर.

सलीम अली मात्र मुंबई सोडून किहीमला गेले. अलिबागजवळ, आजच्या रायगड जिल्ह्यात, समुद्रकाठी हे गाव आहे. तेथे शांतता होती आणि मुंबईपेक्षा खर्च कमी होता. शिवाय त्यांच्या राहत्या घराजवळ सुगरण पक्ष्यांची एक वसाहत होती. पावसाळा सुरू झाला, नरांची डोकी पिवळीधमक झाली आणि विणकाम चालू झाले. सलीम अली वही घेऊन रोज तासन्‌तास त्यांच्यासमोर बसू लागले.

नुसते बसणे हे काय काम झाले, असे तुम्ही म्हणाल. एकदा करून पाहा. सुगरणींच्या झाडाखाली चार मुले गप्पा मारीत गेली की काय होते? किलबिल थांबते आणि सगळा थवा भुर्रकन उडून जातो. मग दिसतात ती फक्त रिकामी घरटी. पण माणूस एकटा असला, बेताच्या अंतरावर राहिला आणि हातपाय न हलवता बसला, तर थोड्या वेळाने पक्षी परत येतात. काही दिवसांनी त्या माणसाला ते झाडाच्या खोडासारखाच समजू लागतात. अशा वेळीच त्यांचे खरे वागणे दिसते. म्हणून माणसांपासून दूर आणि पक्ष्यांपासूनही थोडे दूर बसावे लागते. जवळ जाण्याचा मोह आवरणे हा यातला सर्वांत कठीण भाग आहे.

सुगरणीविषयी लोकांत तेव्हा अनेक समजुती होत्या. घरट्यात चिखलाचे गोळे चिकटवलेले आढळतात. सुगरण त्यांत काजवे खोचून रात्री दिवा लावते, असे कोणी म्हणत. झाडावर अर्धवट विणलेली पुष्कळ घरटी लटकत असतात. मादी अंडी उबवीत असताना नराने झोके घेण्यासाठी ती बांधलेली असतात, असेही सांगत. ऐकायला गोड वाटते, पण कोणीतरी प्रत्यक्ष बसून पाहायला हवे होते.

सलीम अलींनी जे पाहिले ते असे. नर गवताच्या आणि पानांच्या लांब पट्ट्या फाडून आणतो आणि घरटे विणू लागतो. टोपासारखे अर्धे घरटे झाले की तो थांबतो. मग माद्या येतात. त्या घरट्यात शिरतात, चोचीने ओढून पाहतात, आत-बाहेर करतात. भाड्याचे घर बघायला आलेली माणसे भिंतीवर हात मारून पाहतात ना, तसेच! एखाद्या मादीला घरटे पसंत पडले की ती तेथे राहते. त्यानंतरच नर लांब नळी विणून घरटे पुरे करतो. मादी आत मऊ अस्तर घालते आणि अंडी देते. आणि नर? तो थोड्या अंतरावर दुसरे घरटे विणायला घेतो. ते दुसऱ्या मादीला आवडले तर त्याचा तेथे दुसरा संसार सुरू होतो. अंडी मादीच उबवते. जी घरटी कोणालाच पसंत पडत नाहीत, ती अर्धवट लटकत राहतात. ती झोके घेण्यासाठी नसतात, नापास झालेली असतात.

एका नराचे एकामागून एक होणारे हे संसार त्यापूर्वी कोणी नीट उलगडून सांगितले नव्हते. सलीम अलींनी आपल्या नोंदींवरून लेख लिहिला. १९३१ साली तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला आणि पक्षिशास्त्रज्ञांमध्ये त्यांचे नाव झाले. या शोधाला प्रयोगशाळा लागली नाही. लागला तो एक पावसाळा आणि एका माणसाचा धीर. नोकरी टिकली असती, तर तो पावसाळा म्युझियमच्या दालनात गेला असता.

पुढे त्यांनी एक युक्ती केली. संस्थानांच्या राज्यांत कोणते पक्षी आहेत याची पाहणी मी फुकट करून देतो, तुम्ही फक्त प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च द्या, अशी तयारी त्यांनी दाखवली. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन अशा अनेक ठिकाणी ही पाहणी झाली. प्रवास कधी बैलगाडीने, कधी पायी. तेहमीना बेगम तंबूची व्यवस्था पाहत आणि पतीचे लेखनही तपासत. या पाहण्यांत सलीम अली बंदूकही वापरीत. अभ्यासासाठी पक्ष्याचा नमुना हातात असावा लागतो, असे त्या काळचे शास्त्रज्ञ मानीत आणि त्यांचेही मत तसेच होते. हे लपवून ठेवण्याचे कारण नाही. पण पक्षी मारून तो कोणत्या जातीचा हे कळते, तो जगतो कसा हे कळत नाही, आणि सलीम अलींचे मन या दुसऱ्या प्रश्नात अधिक रमे.

१९३९ साली एका साध्या शस्त्रक्रियेनंतर तेहमीना बेगम वारल्या. सलीम अलींवर हा मोठा आघात होता. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. बहीण कम्मू आणि तिचे पती हसन अली यांच्याकडे, मुंबईत पाली हिल येथे ते राहू लागले. बाहेरचा एकटेपणा त्यांनी स्वतः निवडला होता, हा एकटेपणा मात्र वाट्याला आलेला होता. दोन्हींत ते काम करीत राहिले. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे चित्रांचे पुस्तक निघाले आणि त्याच्या कितीतरी आवृत्त्या झाल्या. नंतर अमेरिकन शास्त्रज्ञ डिलन रिप्ले यांच्याबरोबर त्यांनी भारतीय उपखंडातील पक्ष्यांचा १० खंडांचा ग्रंथ लिहिला. तो १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला.

सुगरणीने त्यांची पाठ काही सोडली नाही. फिनची सुगरण नावाची तिची एक बहीण कित्येक वर्षे कोणाला दिसली नव्हती. कुमाऊँच्या तराईत तिचा पुन्हा शोध लावला तो सलीम अलींनीच.

ते नेहमी रानात एकटे बसणारे गंभीर गृहस्थ होते असे मात्र समजू नका. त्यांना मोटरसायकलचे भारी वेड होते. १९५० साली स्वीडनमध्ये पक्षिशास्त्रज्ञांची परिषद भरली, तेव्हा त्यांनी आपली मोटरसायकल जहाजाने युरोपात नेली आणि तिच्यावरून युरोपात भटकंती केली. हा गृहस्थ हिंदुस्थानातून गाडीवर बसून थेट इथपर्यंत आला, असा काही लोकांचा समज झाला होता! विद्यार्थ्यांच्या बाबतीत मात्र ते कडक होते. न पाहता लिहिलेली नोंद त्यांना मुळीच खपत नसे.

सरकारने १९५८ साली त्यांना पद्मभूषण आणि १९७६ साली पद्मविभूषण दिले. निसर्गरक्षणाच्या कामासाठी त्यांना ५०,००० डॉलरचा पॉल गेटी पुरस्कार मिळाला. ज्या संस्थेत ते लहानपणी चिमणी घेऊन गेले होते, त्याच संस्थेच्या कामाला त्यांनी हे पैसे दिले. १९८५ साली त्यांची राज्यसभेवर नेमणूक झाली. शाळेत डोकेदुखीने बेजार झालेल्या या माणसाला अनेक विद्यापीठांनी डॉक्टर केले, म्हणून आपण त्यांना डॉ. सलीम अली म्हणतो.

१९८७ च्या पावसाळ्यात, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले. गोव्यात मांडवी नदीतील चोडण बेटावर त्यांच्या नावाचे पक्षी अभयारण्य आहे. तेथे खारफुटीतून पायवाट जाते आणि तिच्यावरून चालताना खंड्या आणि बगळे दिसतात. किहीमचा किनाराही जागेवरच आहे. मुंबईहून भाऊच्या धक्क्यावरून किंवा गेटवे ऑफ इंडियाहून बोटीने खाडी ओलांडली की तेथून ते गाव दूर नाही.