शाळेच्या आधी आणि शाळेच्या नंतर : ताराबाई मोडक यांचे जीवनकार्य

आमच्या स्मरणिकांत तथागत बुद्ध, महात्मा फुले, सावित्रीबाई, राजर्षी शाहू आणि बाबासाहेब यांच्या चरित्रांना अग्रस्थान असते, आणि ते असलेच पाहिजे. या अंकात मात्र आम्ही अशा एका स्त्रीचे चरित्र सांगणार आहोत, की जी आमच्या चळवळीतील नव्हती. तरीही निवासी शाळा चालविणाऱ्या, तेथे शिकलेल्या आणि तेथे आपली मुले ठेवणाऱ्या प्रत्येकाने तिचे ऋण जाणले पाहिजे. ती स्त्री म्हणजे पद्मभूषण ताराबाई मोडक.

शाळा मुलाला पाच-सहा तास सांभाळते. घंटा होण्यापूर्वीचे आणि शाळा सुटल्यानंतरचे तास कोणाचे? सुखवस्तू घरात हे तास आईचे, आजीचे, शिकवणीचे असतात. मजुराच्या घरात ते कोणाचेच नसतात. किंवा मूलच त्या तासांत कामकरी होते. मोठी मुलगी धाकट्याला कडेवर घेते, मुलगा गुरांमागे जातो, पाणी आणि सरपण या दोघांच्या वाट्याला येते. शाळेतील गळती ही बहुधा या तासांत सुरू होते, वर्गात नव्हे. आमच्या चळवळीने हे अनुभवाने ओळखले होते. पाच वर्षांच्या भीमरावांची आई गेली तेव्हा आत्या मीराबाईंनी त्यांचा सांभाळ केला. शाळेत गोणपाटावर बसावे लागलेल्या त्या मुलाला घरी एक मायेचे माणूस होते, हे विसरता येत नाही. पुढे बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह सुरू केले, त्यामागेही हेच भान होते, असे आम्हांस वाटते. शाळेत नाव घालणे पुरेसे नाही. शाळेबाहेरच्या वेळात त्या मुलाला निवारा, अन्न आणि अभ्यासाची जागा हवी. हाच प्रश्न अगदी लहान मुलांच्या बाबतीत ताराबाईंनी आयुष्यभर हाताळला.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. सदाशिवराव केळकर आणि उमाबाई हे त्यांचे मातापिता प्रार्थना समाजाच्या सुधारक वर्तुळातील होते. मुलींनी शिकावे हे या घरात वेगळे सांगावे लागले नाही. १९१४ मध्ये ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळी कोणत्याही जातीतील स्त्रीला पदवी दुर्मीळ होती. आमच्या समाजातील मुलीला तर शाळेचा उंबरठाही दुर्मीळ होता. हा फरक नोंदवूनच पुढे जाणे योग्य ठरेल. ताराबाईंना मिळालेली संधी जन्माने मिळालेली होती. त्या संधीचे त्यांनी काय केले, हा या चरित्राचा विषय आहे.

पदवीनंतर त्यांचा विवाह अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी झाला. संसार टिकला नाही आणि १९२१ मध्ये त्या विभक्त झाल्या. पदरी एक मुलगी होती. शिकलेल्या स्त्रीलाही एकटीने मूल वाढवीत नोकरी करणे त्या काळात किती जड गेले असेल, याची कल्पना करता येते. त्यांनी राजकोट येथे मुलींच्या शिक्षणसंस्थेचे प्राचार्यपद स्वीकारले. प्रतिष्ठेची आणि स्थिर अशी ती नोकरी होती.

ती सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या. तेथील दक्षिणामूर्ती ही संस्था मुळात १९१० मध्ये विद्यार्थ्यांचे वसतिगृह म्हणून सुरू झाली होती, हे आमच्या निवासी शाळेच्या वाचकांना विशेष वाटेल. १९२० मध्ये गिजुभाईंनी तेथे बालमंदिर उघडले. मारिया मॉन्टेसरी यांची पद्धती त्यांनी भारतीय मुलांसाठी घडविण्यास घेतली होती. मूल हे रिकामे भांडे नसून स्वतः शिकणारा जीव आहे, त्याला मार व धाक नको, हाताला काम आणि मनाला मोकळीक हवी, हा विचार ताराबाईंनी तेथे आत्मसात केला. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. शिक्षणपत्रिका हे नियतकालिक गुजरातीत आणि पुढे मराठीतही निघू लागले. पालकांनी मुलांशी कसे वागावे, हट्ट, भीती, शिस्त यांकडे कसे पाहावे, हे मराठी घरांत नेण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात ताराबाईंच्या लेखणीला जाते.

१९३६ मध्ये त्या मुंबईस आल्या आणि दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी शिशुविहार सुरू केले. याच वसाहतीत बाबासाहेबांचे राजगृह आहे. एकाच वस्तीत एकीकडे ग्रंथांचा तो अफाट संग्रह आणि दुसरीकडे अक्षरओळखही न झालेल्या बालकांची शाळा, हे चित्र इतिहासाच्या अभ्यासकाला थांबून पाहावेसे वाटते. शिशुविहारात बालशिक्षिकांचे प्रशिक्षणही होऊ लागले.

परंतु येथेच ताराबाईंच्या मनात एक टोचणी निर्माण झाली. बालमंदिरात येणारी मुले मध्यमवर्गाची होती. मॉन्टेसरीची साधने महाग होती. ज्यांच्या मुलांना सांभाळायला घरी कोणीच नव्हते, त्यांच्यापर्यंत हे बालशिक्षण पोहोचतच नव्हते. १९३९ मध्ये गिजुभाई गेले. नई तालीमच्या विचारांचा प्रभाव वाढत होता. १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाईंनी मुंबई सोडली आणि तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केले. या वयात बहुतेक माणसे निवृत्तीचा हिशेब करू लागतात. त्यांच्यासोबत अनुताई वाघ होत्या. तेराव्या वर्षी वैधव्य आलेल्या आणि शिकून शिक्षिका झालेल्या अनुताई पुढे अखेरपर्यंत या कामाच्या आधारस्तंभ राहिल्या.

बोर्डीत जे घडले ते आमच्या दृष्टीने या चरित्राचा गाभा आहे. गावात बालवाडी उघडली, तरी अस्पृश्य मानल्या गेलेल्या वस्तीतील मुले तेथे येईनात. येणार कशी? शतकानुशतके ज्यांना गावाच्या विहिरीवर जाता आले नाही, ते आपले तीन-चार वर्षांचे लेकरू गावातल्या शाळेत कोणत्या भरवशावर पाठवतील? आणि आईबाप पहाटेच मजुरीला गेलेले असताना त्याला नेऊन सोडणार तरी कोण? तेव्हा ताराबाई आणि त्यांच्या सहकारी स्वतः वस्तीत गेल्या. घरासमोरच्या अंगणात मुले गोळा केली. हातपाय धुवायचे, केस विंचरायचे, गाणी म्हणायची, गोष्ट ऐकायची, आणि मग खडे, पाने, शंखशिंपले, माती घेऊन मोजायचे, मांडायचे, रंगवायचे. साधने विकत आणण्याची गरज उरली नाही. वेळही शाळेच्या सोयीची नव्हे, वस्तीच्या सोयीची. अंगणातील ही बालवाडी म्हणजेच अंगणवाडी.

आज भारतातील प्रत्येक खेड्यात हा शब्द ऐकू येतो. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. परंतु ही कल्पना गावकुसाबाहेरच्या अंगणांत रुजली, हे किती जणांना ठाऊक आहे? ती वाढविण्यात त्या वस्तीतील निनावी आयांचाही वाटा आहे, कारण विश्वासाने मूल पुढे केले ते त्यांनी.

येथे आम्ही एक गोष्ट स्पष्ट मांडू इच्छितो. ताराबाईंचे काम गांधीविचाराच्या प्रवाहातील होते. त्या काळी त्या प्रवाहात आमच्या समाजासाठी जो शब्द वापरला जाई, तो बाबासाहेबांनी नाकारला आणि आम्हीही नाकारतो. शाळा वस्तीत नेल्याने गावातील शाळेची दारे सर्वांना उघडण्याची जबाबदारी संपत नाही, हेही तितकेच खरे. ज्या वर्षी बोर्डीत बालवाडी सुरू झाली, त्याच वर्षी उंबरगाव आणि डहाणू भागात वारली वेठबिगारीविरुद्ध उठले होते आणि गोदावरी परुळेकर त्यांच्यात काम करीत होत्या. जमिनीचा आणि मजुरीचा प्रश्न बालवाडीने सुटणारा नव्हता. मात्र मोठी लढाई चालू असताना लहान मूल वाट पाहू शकत नाही. त्याचे तिसरे, चौथे, पाचवे वर्ष एकदाच येते. हे ज्यांनी ओळखले, त्यांच्याकडे केवळ वैचारिक मतभेदाच्या चष्म्यातून पाहणे इतिहासाला न्याय देणारे होणार नाही.

१९५७ च्या सुमारास केंद्र डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांच्या सान्निध्यात आले. येथे ताराबाईंनी प्राथमिक शाळेच्या मुलांचा दिवस नीट न्याहाळला. मूल शाळेत का येत नाही, याचे उत्तर त्यांनी मुलाच्या आळसात किंवा पालकांच्या अज्ञानात शोधले नाही. शाळेआधी आणि शाळेनंतर ते काय करते, यात शोधले. बहीण धाकट्या भावंडाला सोडून येऊ शकत नव्हती. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक वर्ग एकाच ठिकाणी आणले गेले. तान्हे पाळण्यात, मधले बालवाडीत आणि मोठी मुलगी वर्गात बसू लागली. मध्येच भावंड रडले तर ती उठून जाऊन येई. त्यासाठी तिला शाळा सोडावी लागत नसे. या एकत्रित रचनेला विकासवाडी म्हटले गेले. गुरे राखणारी मुले येऊ शकत नव्हती, तर शिक्षक गुरांच्या कुरणात गेले. झाडाच्या सावलीत, बिया आणि दगड मोजीत, गुरांवर एक डोळा ठेवून शिकणे चालू झाले. ही कुरणशाळा. दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रशाळा झाली. थोडक्यात, मुलाला शाळेच्या वेळापत्रकात बसविण्याऐवजी शाळाच मुलाच्या दिवसात बसविली गेली.

१९६२ मध्ये भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण देऊन गौरविले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे आपल्या मृत्यूपर्यंत, कोसबाडचे काम सांभाळले.

हे चरित्र आम्ही या स्मरणिकेत का सांगितले? आमच्या शाळेत येणारी अनेक मुले ऊसतोड, वीटभट्टी आणि बांधकामावर जाणाऱ्या आईबापांची आहेत. ती आमच्याकडे केवळ वर्गासाठी येत नाहीत. पहाटे त्यांना उठविणारे, आजारात कपाळावर हात ठेवणारे, संध्याकाळी त्यांच्याबरोबर वंदनेला आणि मग अभ्यासाला बसणारे कोणीतरी हवे असते. तीस वर्षे अध्यापन करून आम्ही इतके निश्चित सांगू शकतो की, मूल शाळेवर विश्वास ठेवते ते गणिताच्या तासाला नव्हे. दिवेलागणीला घराची आठवण येऊन ते कोपऱ्यात बसते आणि कोणी तरी त्याच्याजवळ येऊन बसते, तेव्हा. अधीक्षक, स्वयंपाकघरातील ताई आणि रखवालदार हेही त्या वेळी शिक्षकच असतात. वसतिगृह म्हणजे शाळेला जोडलेली खोल्यांची चाळ, असा समज झाला तर संस्थेचा प्राण गेला, असे समजावे.

माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे. तुम्ही आज चांगल्या पदांवर आहात. आपल्या वस्तीत, आपल्या बुद्धविहारात शाळा सुटल्यानंतरचे दोन तास मुलांसाठी राखून ठेवा. पाणी, मूठभर खाऊ, चार पुस्तके आणि एक लक्ष देणारे माणूस, इतके पुरते. विहाराचे अंगण सकाळ-संध्याकाळ रिकामे असते. त्याचा उपयोग कसा करावा, हे बोर्डीच्या वस्तीतील अंगणांनी आठ दशकांपूर्वी दाखवून दिले आहे. बाबासाहेबांनी शिक्षणाला आपल्या मुक्तीचे साधन मानले. ते साधन मुलाच्या हाती पोहोचेपर्यंत त्याचा हात धरून चालणे हे आपले काम आहे.

ताराबाई मोडक यांच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.