तंबूतला पाहुणा : स्टीफन हिस्लॉप यांचे जीवन

माघ पौर्णिमेच्या सुमारास गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यात, धनेगावजवळच्या कचारगडच्या डोंगरात गोंड बांधवांची मोठी यात्रा भरते. महाराष्ट्र, मध्यप्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा अशा अनेक राज्यांतून भाविक येतात. कोणी रेल्वेने येऊन दरेकसा स्थानकावर उतरतात, कोणी जीपने किंवा ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत शिधा, भांडी आणि अंथरूण-पांघरूण घालून कुटुंबासह येतात. झाडाखाली राहुटी उभी राहते, तीन दगडांची चूल पेटते आणि दोन-चार दिवस ते उघडे रान हेच त्यांचे घर होते. गोंडांच्या पूर्वजांना ज्या गुहेत कोंडून ठेवले होते ती गुहा हीच, आणि तिच्या तोंडावरची प्रचंड शिळा दूर सारून लिंगोने त्यांना मुक्त केले ते येथेच, अशी त्यांची श्रद्धा आहे.

लिंगोची ही कथा पिढ्यान्‌पिढ्या केवळ मुखोद्गत होती. एका परधान गायकाच्या तोंडून ती ऐकून, मूळ गोंडी शब्दांसह कागदावर उतरवून घेण्याचे मोठे काम एका ख्रिस्ती मिशनऱ्याने केले, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. त्यांचे नाव रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजमुळे हे नाव विदर्भात घरोघरी पोहोचले आहे, परंतु त्या नावामागचा मनुष्य मात्र विस्मृतीत गेला आहे. ते कॅथलिक नव्हते, स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे होते. तरीही बैलगाडी, घोडा आणि तंबू यांच्या साहाय्याने त्यांनी आपल्या भूमीत जे श्रद्धाजीवन जगले, त्यातून आपणही काही शिकावे, या हेतूने त्यांचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील डन्स या गावी झाला. एडिंबरा आणि ग्लासगो येथे त्यांचे शिक्षण झाले. बालपणापासूनच त्यांना दगड, कीटक आणि वनस्पती गोळा करण्याचा छंद होता. १८४३ साली स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडली आणि फ्री चर्चचा जन्म झाला. हिस्लॉप या नव्या मंडळीत सामील झाले. पुढच्याच वर्षी, पत्नी इरॅस्मासह, ते भारताकडे निघाले. डिसेंबर १८४४ मध्ये ते मुंबईस उतरले आणि फेब्रुवारी १८४५ मध्ये नागपूरला पोहोचले. तेव्हा तेथे भोसले घराण्यातील तिसरे रघोजी यांचे राज्य होते. आजचे भंडारा आणि गोंदिया हे जिल्हे त्याच राज्यात मोडत. गोंदियाला रेल्वे येण्यास अद्याप बराच काळ होता.

योगायोग असा, की याच सुमारास आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेची पावलेही या बाजूस वळत होती. संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या संघाचे पहिले मिशनरी १८४६ साली विशाखापट्टणमला उतरले आणि त्यांच्या कार्यक्षेत्रात पुढे नागपूरचा समावेश झाला. दोन्ही मंडळ्यांचे मिशनरी त्या काळी एकमेकांकडे बंधुभावापेक्षा संशयानेच अधिक पाहत. ती भिंत खाली यावयास दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत वाट पाहावी लागली.

हिस्लॉप यांनी प्रथम मराठी भाषा आत्मसात केली आणि १८४६ साली नागपुरात शाळा सुरू केली. १८४७ मध्ये रॉबर्ट हंटर हे सहकारी त्यांना येऊन मिळाले. पावसाळा आणि कडक उन्हाळा शाळेत जाई. थंडीचे महिने मात्र फिरतीचे असत. त्यामागे एक कटू अनुभव होता. अमरकंटकच्या बाजूस करंजिया येथे काही जर्मन मिशनऱ्यांनी गोंडांमध्ये राहून सेवा करण्याचे ठरविले होते, परंतु थोड्याच महिन्यांत त्यांच्यापैकी बहुतेकांचा पटकीने बळी घेतला. वाचलेल्यांपैकी काही जण पुढे नागपूर-कामठीच्या कार्यात सहभागी झाले. रानात शिरायचे तर ऋतू ओळखून शिरावे आणि ऋतू ओळखून परतावे, हा धडा त्या मृत्यूंनी सर्वांना दिला होता.

त्या काळची फिरती कशी असे, याची आज आपल्याला कल्पना करणे कठीण आहे. परदेशांत हल्ली काही ख्रिस्ती कुटुंबे मोटारीमागे जोडलेल्या फिरत्या घरात राहतात आणि गावोगाव हिंडत प्रार्थना व सेवा करतात, असे आपण ऐकतो. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी आपल्याकडे हे काम बंडी करीत असे. तंबू, खांब, दोर, पीठ-मीठ, औषधे आणि पुस्तकांची पेटी तिच्यावर लादली जाई. बैल दिवसभरात काही कोसच चालत. सावलीसाठी आमराई आणि पाण्यासाठी विहीर किंवा तलाव पाहून तळ पडे. वैनगंगेच्या खोऱ्यात तलावांची वाण नव्हती, परंतु तलावाकाठी हिवतापही होता. तंबूतल्या माणसाला दार लावून घेण्याची सोय नसे. गावची माणसे, मुले, गुरे सगळी त्याच्या उंबरठ्याशी येत, कारण त्याला उंबरठाच नसे. पाणी, सरपण आणि दूध यांसाठी त्याला गावाकडेच हात पसरावा लागे.

आम्हाला वाटते, हिस्लॉप यांच्या जीवनाचे मर्म येथेच आहे. शाळेच्या इमारतीत ते गुरुजी होते आणि मुले ऐकत असत. तंबूत ते पाहुणे होते, आणि पाहुण्याला आधी ऐकावे लागते. ते शुभवर्तमान सांगण्यासाठी गेले होते आणि ते त्यांनी कधी लपविले नाही. परंतु ज्यांना ते सांगावयाचे त्यांची भाषा, त्यांची गाणी, त्यांचे जन्म-मृत्यूचे विधी यांविषयी त्यांनी मनापासून विचारले. गोंडी भाषेला तेव्हा विद्वानांच्या जगात स्थान नव्हते आणि तिचे साहित्य लिहिलेले नव्हते. हिस्लॉप यांनी निरनिराळ्या वन्य जमातींचे शब्द गोळा करून त्यांची तुलना केली आणि परधानांकडून गीते लिहून घेतली. परधान हे गोंडांचे परंपरागत गायक. लिंगोच्या गीताचे पाच भाग आहेत : सृष्टीची व गोंडांची उत्पत्ती, लिंगोचे जीवन, मरण आणि पुन्हा जिवंत होणे, गुहेत कोंडलेल्या गोंडांची सुटका, कुळांची विभागणी व देवपूजेची स्थापना, आणि शेवटी विवाहविधी. हिस्लॉप यांच्या संग्रहातील कथा आणि आज कचारगडला सांगितली जाणारी कथा यांच्या तपशिलांत फरक आहे, पण गुहा, शिळा आणि मुक्ती ही सूत्रे दोन्हींत आहेत.

दूर सारलेल्या शिळेची गोष्ट लिहून घेताना एका ख्रिस्ती धर्मसेवकाच्या मनात पास्काच्या पहाटेची आठवण आली नसेल का? त्यांनी ते गीत ख्रिस्ती साच्यात घातले नाही, ही गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. दुसऱ्याच्या श्रद्धेची वस्तू त्याच्या घरी जशी होती तशीच टिपून ठेवणे, हेही सत्याच्या देवाची सेवा करणेच होय. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते आपली ख्रिस्तसभा नाकारीत नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट केले. त्याआधी शंभर वर्षे हा स्कॉटिश मनुष्य आपल्या परीने त्या वाटेवर काही पावले चालला होता.

फिरतीत त्यांचे डोळे जमिनीकडेही असत. हिस्लॉप आणि हंटर यांना नागपूरजवळच्या टाकळी येथे लाव्हाच्या दोन थरांमध्ये दबलेले गोड्या पाण्यातील शंख-शिंपले आणि वनस्पतींचे अवशेष सापडले. ज्वालामुखीच्या दोन उद्रेकांमधील शांत काळात येथे तळी होती आणि त्यांत जीव नांदत होते, याचा तो पुरावा होता. चंद्रपूर जिल्ह्यातील मांगली येथून त्यांनी मिळविलेल्या एका प्राचीन उभयचर प्राण्याच्या कवटीचे वर्णन रिचर्ड ओवेन या नामवंत शास्त्रज्ञाने केले. पिसदुरा येथे डायनोसॉरची हाडे त्यांच्या हाती आली. १८५९ साली एका खनिजाला हिस्लोपाइट असे नाव देण्यात आले. विज्ञानाने आपली श्रद्धा डळमळेल, असे भय त्यांना वाटले नाही. दगडातही निर्मात्याचेच काम वाचावयाचे आहे, या भावनेने ते हातोडी चालवीत.

त्यांच्या कार्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ज्यासाठी ते मायदेश सोडून आले होते, त्या ख्रिस्ती मंडळीची वाढ त्यांच्या हयातीत अगदी अल्प झाली. १८५४ साली नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. गोऱ्या माणसाचा तंबू पाहून गावकऱ्याच्या मनात भीती आणि आशा दोन्ही उत्पन्न होत असतील, आणि तो गावकरी मोकळेपणाने किती बोलत असेल, हा प्रश्न उरतोच. आपल्या काळाच्या समजुतींतून हिस्लॉप पूर्णपणे सुटलेले नव्हते. आम्ही त्यांना संतपदावर बसवू इच्छीत नाही. ते एक कष्टाळू आणि प्रामाणिक पाहुणे होते, एवढेच आमचे म्हणणे आहे.

त्यांचा अंतही फिरतीवरच झाला. सप्टेंबर १८६३ मध्ये मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांच्यासमवेत ते नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहावयास गेले होते. तळ जवळच्या बोरी गावी होता. ४ सप्टेंबर रोजी बाकीची मंडळी तळावर परतली. हिस्लॉप मात्र गावातील शाळेच्या मुलांची परीक्षा घेण्यासाठी मागे थांबले. काम आटोपून ते अंधारात एकटेच घोड्यावरून निघाले. पावसाने ओढ्याला पूर आला होता. तळावर घोडा पोहोचला, स्वार पोहोचला नाही. मशाली घेऊन शोध झाला आणि पाण्यात त्यांचा मृतदेह मिळाला. सेहेचाळिसावा वाढदिवस चार दिवसांवर आला होता.

गोंडांविषयीचे त्यांचे लेखन अपुरेच राहिले होते. टेंपल यांनी ते कागद जुळवून १८६६ साली प्रसिद्ध केले. १८८३ साली त्यांच्या स्मरणार्थ नागपुरात हिस्लॉप कॉलेज सुरू झाले. टाकळघाटच्या शिलावर्तुळांचे रीतसर उत्खनन नागपूर विद्यापीठाने १९६८-६९ मध्ये केले. आणि गोंड समाजातील सुशिक्षित पिढीने लिंगोचा आणि कचारगडचा शोध नव्याने घेतला, तेव्हा त्या जुन्या छापील पानांतील मूळ गोंडी शब्द त्यांच्यासाठी उपलब्ध होते. ज्यांच्याकडून हिस्लॉप यांनी ते उसने घेतले, त्यांच्याच नातवंडा-पणतवंडांकडे ते असे परत गेले.

आपला विश्वास मुळात तंबूत वाढलेला आहे. आब्राहाम तंबूत राहिला आणि दुपारच्या उन्हात आलेल्या तीन अनोळखी वाटसरूंच्या स्वागतास धावला. अरण्यात इस्राएलच्या छावणीबरोबर देवाचा निवासमंडपही मुक्कामामागून मुक्काम हलत राहिला. संत पौल तंबू शिवून पोट भरीत असे. आणि देवाच्या शब्दाने देह धारण केला तेव्हा त्याने आपल्यामध्ये तंबू ठोकला, असाच संत योहानाच्या मूळ ग्रीक शब्दाचा आशय आहे. आज आपली चर्चमंदिरे पक्की झाली, शाळांना आवारभिंती आल्या, फाटकावर रखवालदार आला. याबद्दल देवाचे आभारच मानावयास हवेत. परंतु भिंतीआड राहून आपण केवळ यजमान किंवा मालक झालो आणि पाहुणे होण्याचे विसरलो, तर शेजाऱ्याचे गाणे आपल्याला कधीच ऐकू येणार नाही.

पूर्व विदर्भातील आमच्या बंधुभगिनींना एक नम्र विनंती. येत्या माघ पौर्णिमेला गोंड शेजाऱ्याने कचारगडला चलण्याचा आग्रह केला, तर शक्य असल्यास जरूर जावे. त्याच्या राहुटीत बसावे, तो देईल ते पाणी घ्यावे, आणि लिंगोची कथा त्याच्याच तोंडून शेवटपर्यंत ऐकावी. त्याने विचारले, तर आपल्या प्रभूच्या रिकाम्या कबरीची गोष्ट त्यालाही सांगावी. टाकळघाटच्या वाटेवर त्या रात्री न पोहोचलेल्या या प्रवाशाला प्रभूने आपल्या घरी मुक्काम दिला असेल, अशी आशा बाळगून आपण आपल्या प्रार्थनेत त्याचेही स्मरण करू या.